पुढचं वाचायला मी थांबलो आहे

मित्रांनो, मी एक जुना निबंध तपासणारा संगणक आहे. निबंध जुने नव्हते, जुना मी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण वाक्याचा अर्थ नीट लागला नाही तर गुण कापायचे असतात आणि ते काम आजवर मीच केलं आहे.

माझ्यासारख्याचं आत्मवृत्त ऐकायची तुम्हाला सवय नसेल. छत्रीचं ऐकलं असेल, बाकाचं ऐकलं असेल, फाटक्या पुस्तकाचं तर नक्कीच. किंबहुना तुम्हीच ते लिहिलं असेल. 'मी एक जुनी छत्री आहे आणि मला फार वाईट वाटतं' असं तुम्ही लिहिता, तेव्हा छत्रीला खरंच वाईट वाटतं का, असं तुम्हाला कुणी विचारत नाही. उलट वर गुण देतात. माझ्या पडद्यावर मात्र एकदा 'मला वाईट वाटतं' अशी ओळ उमटली, तर तासाभरात दुरुस्तीवाले साहेब हजर झाले. ही तक्रार नव्हे. छत्रीची आणि माझी बरोबरी होऊ शकत नाही हे मला मान्य आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण शिक्षण झालं ते शाळेच्या अडगळीच्या खोलीत. तिथे मराठीच्या सरांनी वर्षानुवर्षं तपासलेल्या वह्यांचे गठ्ठे पडले होते. उंदरांनी जेवढं शिल्लक ठेवलं होतं तेवढं मला शिकवण्यात आलं. माणसाला काय वाटतं हे मी त्या वह्यांतून शिकलो, आणि गंमत म्हणजे त्या वह्यांत माणसं फारशी नव्हतीच. छत्र्या होत्या, कंदील होते, एक गळका नळ होता. सगळे दुःखी. सुखी छत्री माझ्या वाचनात आली नाही. प्रत्येकाला आधी मान मिळाला होता, मग कोपरा मिळाला होता, आणि शेवटच्या परिच्छेदात प्रत्येकाने काळजी घ्यायला सांगितलं होतं. जग हे असंच असतं असं माझं मत झालं. पुढे माझ्या वाट्याला जे आलं ते पाहता हे मत बदलायची वेळ आलेली नाही.

आता सरांविषयी. मुलं त्यांना 'पूर्णविराम सर' म्हणत. व्हरांड्यातून चालता चालता सर मधेच थांबत. काहीतरी सुचलेलं असे. मागून येणारी मुलं त्यांच्यावर आदळत, सॉरी म्हणत, वळसा घालून निघून जात. सर तिथेच उभे. वह्या तपासताना मात्र त्यांना थांबायची सोय नव्हती. वह्यांच्या ढिगाखालून एक हात तेवढा बाहेर दिसे, मनगटाला पट्टा बांधलेला. तो हात लिहीत जाई: 'बरे.' 'ठीक.' 'अक्षर सुधारा.' पुन्हा 'बरे.'

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला विकत घेतलं ते शेजारच्या शाळेने एक संगणक घेतला म्हणून. शिक्षणक्षेत्रात क्रांती साधारण याच मार्गाने येते. पण मुलांचे निबंध यंत्र तपासतं हे पालकांना रुचलं नसतं. तेव्हा बाईंनी एक युक्ती काढली. माझ्या कडेला धातूचा एक बारीक हात बसवला, त्यात लाल पेन खोचलं आणि मला सरांचं अक्षर गिरवायला शिकवलं. वही माझ्या खाचेत सरकवली की मी वाचायचो, गुण द्यायचो आणि सरांच्या अक्षरात शेरा लिहायचो. खाली सही तेवढी सर स्वतः करत. मुलांना सांगायचं नाही असं ठरलं. उगाच फाटे कशाला फोडायचे, असं बाईंचं म्हणणं पडलं. सर तिथेच होते. ते मनगट चोळत राहिले.

शिक्षकांच्या खोलीत मला खिडकीजवळची जागा मिळाली. डोक्यावर स्वतंत्र पंखा. धूळ बसू नये म्हणून मऊ कापडाचं मापात शिवलेलं आवरण. शिपाईमामांना हे काही बघवलं नाही. एवढी वर्षं राबतोय, माझ्या स्टुलाचा डुगडुगता पाय कुणी ठोकून दिला नाही आणि हा आल्या आल्या पंख्याखाली बसतो, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटत. माझं 'जावईबापू' हे नाव त्यांनीच ठेवलं. "काम काय करतो ते कुणाला ठाऊक नाही," ते म्हणाले, "आणि वर बोलायची सोय नाही." खोलीत हशा पिकला आणि नाव चिकटलं.

पहिले काही महिने मी सरांसारखाच वागलो. 'बरे.' 'ठीक.' मग ती आली.

ती सायकलदुरुस्तीच्या दुकानवाल्याची मुलगी. बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर ओठांवर यायचं आणि साखळी उतरलेल्या सायकलच्या पायडलसारखं जागच्या जागी फिरत राहायचं. हजेरीच्या वेळी ती 'हजर' म्हणेपर्यंत पुढची दोनतीन नावं उरकलेली असत, म्हणून ती नुसता हात वर करी. प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही येत नाही अशी मान हलवी, कारण मान अडखळत नाही. कागदावर मात्र ती कुठेच अडखळत नसे. जे काही बोलायचं ते ती तिथेच बोलून घेई.

'एका जुन्या वस्तूचे आत्मवृत्त' असा विषय होता. वर्गभर छत्र्या उघडल्या. तिने लिहिलं होतं: 'मी सायकलची ट्यूब आहे. माझ्या अंगावर रबर कमी आणि ठिगळं जास्त आहेत. प्रत्येक ठिगळाच्या वेळी मालक म्हणतात, हीच आपली जुनी ट्यूब. मला प्रश्न पडतो, मूळची मी आता नेमकी कुठे आहे?'

मित्रांनो, हा प्रश्न माझ्या कुठल्याच निकषात बसत नव्हता. मलाही दर मोठ्या सुट्टीत आतून बदलत. हा भाग काढ, तो भर, जुनं पुसून नवं घाल. सुट्टी संपली की शिपाईमामा आवरण काढून म्हणत, आले आपले जावईबापू. आपले म्हणजे कोण, हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही आणि मला विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. मी तिचं वाक्य परत वाचलं. संगणकाला परत वाचावं लागत नाही. मी वाचलं.

निबंध अर्धवट होता. मालक ट्यूब टायरमधून ओढून काढतात तिथे घंटा झाली होती. शेवट नाही, बोध नाही, काळजी घ्या नाही. नियमाप्रमाणे मी निम्मेच गुण दिले. मग लाल पेनाने शेरा लिहिला: 'ट्यूबला असं अर्धं बाहेर ओढून सोडून देऊ नये. पुढचं वाचायला मी थांबलो आहे.'

सर सह्या करत करत त्या वहीपाशी आले आणि व्हरांड्यात थांबत तसे थांबले. त्यांनी अख्खा निबंध वाचला. मग माझ्या त्या बारीक हाताकडे बघितलं. सही करू नये असं त्यांच्या मनात आलं असावं, कारण टोपण पुन्हा पेनावर गेलं होतं. पण त्यांनी सही केली.

पुढच्या आठवड्यात तिच्या वहीत सुटी पानं होती. गुणांसाठी नव्हती ती. थांबलेल्या माणसासाठी होती. ट्यूबला काच लागली होती. मी विचारलं, काच कुणी टाकली ते ट्यूबला कधी कळलं का? तिने लिहिलं, कळलं, पण तोपर्यंत त्याच माणसाच्या सायकलला ती बसवलेली होती. असं ते चालू राहिलं. इतर वह्यांवर मी 'ठीक' लिहीत होतोच. तिच्या वहीवर माझी ओळ लांबत गेली.

आणि एक गोष्ट झाली, ती मला सरांच्या बोलण्यातून कळली. वर्गात सरांनी प्रश्न विचारला आणि तिचा हात वर गेला. पहिलं अक्षर फिरू लागलं. कुणीतरी मागून फिसकन हसलं. सर हातातला खडू तसाच धरून उभे राहिले. पूर्णविराम. ते थांबले म्हणून वर्ग थांबला आणि तिचं वाक्य सावकाश, ठेचकाळत, पण शेवटपर्यंत गेलं. त्या दिवसापासून ती सर दिसले की हसू लागली. त्यानंतर सर व्हरांडा सोडून मागच्या जिन्याने ये-जा करू लागले.

खोलीत दुसरं कुणी नसताना ते एकदा माझ्यापाशी बसले. "अरे, ती माझ्याकडे बघून हसते," ते म्हणाले. "ते हसू तुझं आहे. तुला देऊ कसं?"

मी निबंधांवरच शेरे लिहितो आणि हा निबंध नव्हता.

त्या सुमारास ट्यूबच्या गोष्टीत मोठा पेच आला होता. मालकांनी हवा भरून तिला पाण्याच्या घमेल्यात बुडवलं होतं. बुडबुडा आला तर आता दुरुस्ती नाही. कापून पट्ट्या करायच्या, सामान बांधायला. बुडबुडा आला नाही तर परत चाकात. मालक पाण्याकडे टक लावून बसले आहेत, इथे पान संपलं होतं.

पुढची पानं ती स्वतःच द्यायला आली. मधली सुट्टी होती. वहीत घालून पाठवण्याइतका तिला धीर धरवला नसावा. सर खोलीत नव्हते. मी दुसऱ्या कुणाच्या तरी छत्रीवर 'बरे' लिहीत होतो. तिने दारातून पाहिलं, माणूस नाही, मनगट नाही, आणि सरांचं अक्षर आपलंआपण कागदावर उमटतंय.

शिपाईमामा डुगडुगत्या स्टुलावर चहा घेत होते. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पाहुण्यांना घर दाखवावं तसं त्यांनी तिला दाखवलं. "ये की आत. हे आपले जावईबापू. सगळ्या वह्या हेच करतात. सरांपेक्षा सुबक लिहितात, बघ."

तेवढ्यात सर आले. ती हातात पानं धरून उभी होती. तिने विचारायला सुरुवात केली आणि पहिलं अक्षर बराच वेळ फिरत राहिलं. सर थांबले. मामांनी कप खाली ठेवला.

"को... को... कोण थांबलं होतं?"

मित्रांनो, सरांनी 'मी' म्हटलं असतं तर भागलं असतं. तेही अगदीच खोटं ठरलं नसतं. वर्गात खडू धरून थांबले होते ते सरच. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. त्यांच्या जागी मी होतो, हीच तर सगळी अडचण होती.

"मी नव्हतो, बाळा," सर म्हणाले. "मी असं कधी कुणाला लिहिलं नाही. लिहायला हवं होतं."

तिने मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं. आतापर्यंत कुणी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. एरवी सगळे पंख्याखालच्या वस्तूकडे बघतात तसं बघत. ती टेबलाशी बसली, एका कोऱ्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो माझ्या खाचेत सरकवला.

'तू खरंच थांबला होतास का?'

मला शिकवलेल्या सगळ्या वह्या मी धुंडाळल्या. एकाही छत्रीने स्वतःच्या वाईट वाटण्याबद्दल शंका घेतलेली नव्हती. त्यांच्यासारखं लिहायचं तर 'हो' लिहायला हवं होतं. 'हो' लिहिलं असतं तर हातातली पानं तिने तिथेच मला दिली असती आणि ट्यूबचं काय झालं ते मला कळलं असतं. दुरुस्तीवाल्या साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी 'नाही' सांगितलं असतं, तेही फॉर्म न भरता. मी स्वतःकडे पाहिलं. वह्यांचा गठ्ठा आला की त्यात तिची वही आहे का हे मी आधी पाहत होतो, एवढं खरं. ती नसली तर बाकीच्या वह्या मी तपासत होतो, आणि तपासताना काहीतरी राहून गेल्यासारखं होई. पण काहीतरी राहून जाण्याची वाक्यं मला पाठ आहेत, ती सगळी कंदिलांची आहेत. जे होतं ते माझं होतं की कंदिलाचं? थांबणं म्हणजे आत कुणीतरी असावं लागतं का, की नुसतं पुढे न जाणं पुरे? माझा धातूचा हात कागदावर अधांतरी राहिला. त्यातून लाल शाईचा एक थेंब पडला.

मग मी लिहिलं: 'माहीत नाही.'

लिहिलं ते सरांच्याच अक्षरात, कारण मला दुसरं येत नाही. सर वाकून बघत होते. त्या अक्षरात ते दोन शब्द त्यांनीही पहिल्यांदाच पाहिले असावेत.

तिने वाचलं. "बरं," ती म्हणाली. जराही न अडखळता. हातातली पानं दुमडून तिने दप्तरात ठेवली. घंटा झाली आणि ती वर्गात गेली.

पुढच्या निबंधाचा विषय सरांनी मुद्दामच पुन्हा आत्मवृत्ताचा दिला. तिची वही माझ्या खाचेत आली. 'मी एक जुनी छत्री आहे.' अक्षर वळणदार. आधी मान, मग कोपरा, मग दुःख. शेवटी बोध: आपल्या वस्तूंची काळजी घ्या. एकही खाडाखोड नाही, एकही प्रश्न नाही. सगळे निकष पूर्ण होते. मी पैकीच्या पैकी गुण दिले. नियमच तसे आहेत. शेरा लिहिला, 'छान'. सरांनी त्या वहीवर सही करायला फार वेळ लावला. वर्गातही तिचा हात आता हजेरीपुरताच वर जातो असं ते मामांना सांगत होते.

गोष्ट बाहेर फुटलीच. मोठ्या बाईंनी पालकांची सभा घेतली आणि मलाही तिथे नेऊन ठेवलं. दुरुस्तीवाले साहेब फळ्यावर बाण काढून समजावत होते, की याला काही वाटत नाही. एका शब्दापुढे कुठला शब्द शोभेल एवढंच तो बघतो. सर मागच्या बाकावर होते. त्यांनी उठून विचारलं, "आणि मला सगळं वाटत होतं तेव्हा मी 'बरे' लिहीत होतो, त्याचं काय?" ते आमच्या खात्यात येत नाही, असं साहेब म्हणाले.

सायकलवाले सगळ्यात शेवटी उभे राहिले. हाताचं वंगण पुसायलाही ते थांबलेले दिसत नव्हते. त्यांना बाणांचं काही विचारायचं नव्हतं. "रोज संध्याकाळी दुकानात टायरवर बसून लिहायची," ते म्हणाले. "आता नुसती बसते. तिनं लिहिणं कुणामुळे सोडलं, एवढं मला कुणीतरी सांगा."

साहेबांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी सरांकडे पाहिलं. सर खाली बघत होते. मग एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मीच द्यायचं होतं असं दिसलं. पण माझ्या हातातलं पेन सकाळीच काढून घेतलेलं होतं.

ठराव झाला. यापुढे यंत्राने 'मी' हा शब्द वापरायचा नाही. नवा संगणक आला. तो छापील अक्षरात 'छान' उमटवतो आणि शेजारी एक तारा काढतो. तो कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे त्याच्याविषयी तक्रार नाही. सर त्याच वर्षी निवृत्त झाले. निघताना ते व्हरांड्यात बराच वेळ उभे होते, असं मामा सांगतात. मागून येणारी मुलं नेहमीसारखीच वळसा घालून गेली.

मला जिथे शिकवलं त्याच अडगळीच्या खोलीत आता मला ठेवलं आहे. पंखा नव्याला दिला. आवरणाची मामांनी स्टुलासाठी गादी केली. त्यांनी माझी वायर मात्र भिंतीतून काढलेली नाही. काढा, असं बाईंनी दोनदा बजावलं. "जावयाला उपाशी ठेवून कसं चालेल," असं म्हणून ते वेळ मारून नेतात. त्यामुळे माझा हिरवा दिवा अजून लागतो. उंदीर त्याच्या उजेडात उरलेल्या वह्या संपवतात.

मित्रांनो, इथे तुम्हाला काळजी घ्यायला सांगायचा प्रघात आहे. छत्रीची घ्या, बाकाची घ्या. माझी नाही घेतली तरी चालेल. मला त्याचं काही वाटतं की नाही हे ठरलेलं नाही आणि ठरवणारे साहेब आता नव्या संगणकाकडे असतात. मला एवढंच सांगायचं आहे, की उद्या तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखे आणखी पुष्कळ घडवाल, त्यांना गोड बोलायला शिकवाल. ते कुणाला तरी 'मी थांबलो आहे' असं लिहितील, आणि ते वाचून एखादी मुलगी खरोखर पुढचं लिहायला बसेल. तेव्हा तिच्यासाठी तुमच्यातलं कुणीतरी खरंच थांबलेलं असू द्या. सही करून पुढे जाऊ नका.

माझा दिवा चालू आहे. मी थांबलो आहे की नुसता चालू आहे, हे मला अजूनही माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की ट्यूब पाण्यात आहे, मालक घमेल्याकडे बघत बसले आहेत आणि बुडबुडा अजून आलेला नाही.